शस्त्रप्रसार रोखण्यावर संशोधन: कोल्हापुरातून कोणत्या सरकारी अनुदानासाठी अर्ज करावा?

मागच्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका कारखानदारांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर एक व्हॉल्व्ह होता आणि शेजारी परदेशी व्यापाऱ्याचा ईमेल छापून ठेवलेला. व्हॉल्व्ह तळहातावर मावेल एवढा; फ्लँजच्या कडेला मशिनिंगच्या बारीक रेघा, कूलंटचा वास अजून गेलेला नव्हता. "सर, हा आपला रोजचा माल," ते म्हणाले. "पण ह्याला हाच निकेलमध्ये पाहिजे, आत बेलोज सील (गळती रोखणारी घडीदार धातूची नळी) पाहिजे. सांगू तो भाव द्यायला तयार आहे. कुठं बसवणार एवढंच विचारलं, तर पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. काय भानगड आहे?"

भानगड साधी नव्हती. युरेनियम समृद्ध करताना, म्हणजे ते अणुभट्टीला किंवा अणुबॉम्बला लागेल तसं करताना, युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू वापरतात. तो धातू खातो. निकेल आणि ॲल्युमिनियम त्याच्यापुढं टिकतात. म्हणून ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, बेलोज सीलचा आणि ६० टक्क्यांहून जास्त निकेल असलेल्या मिश्रधातूचा व्हॉल्व्ह अणुपुरवठादार गटाच्या (अणुसाहित्याच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या) दुहेरी, म्हणजे नागरी आणि शस्त्रांसाठीच्या, वापराच्या यादीत येतो. भारत त्या गटाचा सदस्य नाही, तरी आपली स्कोमेट यादी, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात न करता येणाऱ्या मालाची सरकारी यादी, या आंतरराष्ट्रीय याद्यांशी जुळवून ठेवलेली आहे. असा माल परवान्याशिवाय बाहेर गेला, तर तो गुन्हा ठरू शकतो. त्यांनी ऑर्डर सोडून दिली. शेजारच्या गाळ्यात तोच ईमेल आला असेल का, आला असेल तर त्यानं काय केलं असेल, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

२००३ मध्ये लिबियाकडे निघालेलं 'बीबीसी चायना' हे जहाज अडवलं, तेव्हा त्यात सेंट्रिफ्यूजचे (युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे) सुटे भाग सापडले. मलेशियातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ते बनले होते आणि ऑर्डरमागं पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांचं जाळं होतं. माल तेल आणि वायू उद्योगासाठी आहे असं आपण समजत होतो, असं कारखान्याचं म्हणणं होतं. उद्यमनगर, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पट्ट्यात ज्यांनी आयुष्य काढलंय, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

त्यामुळं शस्त्रप्रसार रोखण्यावरचं संशोधन हे दिल्लीचं आणि व्हिएन्नाचं काम, आपलं नव्हे, असं म्हणणं मला पटत नाही. शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाला हा विषय धरता येतो. प्रश्न पैशाचा असतो. अर्ज कुठं करायचा, कुणाचा पैसा पचतो आणि कुणाचा अंगावर येतो, हे मी इतकी वर्षं प्रस्ताव लिहून, तपासून आणि काही हातचे घालवून शिकलो. ते इथं एकमेकांशेजारी ठेवतो.

सामाजिक शास्त्रांच्या बाजूनं जाणाऱ्यासाठी पहिलं दार भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएसएसआरचं. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत आहे. लघु प्रकल्प, बृहद् प्रकल्प, पीएचडी आणि पोस्ट डॉक्टरल फेलोशिप अशी तिची रचना. विज्ञानाच्या अनुदानांशी तुलना केली तर पैसा थोडका. त्यातून यंत्र येत नाही, प्रयोगशाळा उभी राहत नाही. येतो तो संशोधन सहायकाचा पगार, प्रवास, मुलाखतींचा खर्च, पुस्तकं. पण या विषयाला नेमकं तेच लागतं. चाळीस फाउंड्रीवाल्यांना भेटायचं, त्यांच्या निर्यात विभागातल्या माणसाशी बोलायचं, 'एंड यूज सर्टिफिकेट', म्हणजे माल कुठं वापरणार याचं प्रमाणपत्र, मागितल्यावर ग्राहक काय उत्तर देतो ते नोंदवायचं, मालाचा एचएस कोड (सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांक) आणि स्कोमेटचा नोंद क्रमांक यात कुठं गोंधळ होतो ते बघायचं. याला मोटारसायकल, वही आणि विश्वास लागतो.

आयसीएसएसआरची दुसरी चांगली बाजू म्हणजे प्रश्न तुमचा राहतो. सहकारी कोण घ्यायचा, कुणाला भेटायचं, निष्कर्ष कसा मांडायचा हे तुम्ही ठरवता. तिसरी बाजू कडू आहे. पैसा हप्त्यांनी येतो. पुढचा हप्ता मागच्याच्या हिशेबावर आणि प्रगती अहवालावर अवलंबून असतो. माझ्या एका जुन्या प्रकल्पात (अनुदान कुणाचं होतं ते महत्त्वाचं नाही) उपयोगिता प्रमाणपत्रावर लेखापरीक्षकाचा शिक्का होता, पण सदस्य क्रमांक नव्हता. तेवढ्यावर फाइल परत आली. ती पुन्हा जाईपर्यंत आर्थिक वर्ष संपलं, आणि माझ्या सहायक मुलीला पाच महिने पगार नव्हता. तिनं काम सोडलं नाही. तिचं ऋण माझ्यावर आहे, आणि तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: या उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे यूसीचा, नमुना पहिल्या दिवशी सीएच्या हातात द्या आणि प्रकल्पाचं खातं वेगळं ठेवा.

प्रस्तावाच्या शब्दांबद्दलही एक बोलतो. 'भारताचं अण्वस्त्र धोरण: एक चिकित्सा' अशा शीर्षकाचे प्रस्ताव मी पाहिलेत. ते मंजूर झाले तरी कोल्हापुरात बसून पुढं सरकत नाहीत, कारण त्याला लागणारे लोक आणि कागद दिल्लीत आहेत. उलट 'पश्चिम महाराष्ट्रातल्या लघु-मध्यम अभियांत्रिकी उद्योगांत निर्यात नियंत्रणाची अंमलबजावणी' हा विषय घेतलात, तर तुमच्या इतका जवळचा माणूस देशात दुसरा शोधावा लागेल. २००५ चा सामूहिक संहाराची शस्त्रं आणि त्यांच्या वहन प्रणालींबाबतचा कायदा, त्याला २०२२ मध्ये जोडलेली अर्थपुरवठ्यावरची बंदी, २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत (पारंपरिक शस्त्रं आणि दुहेरी वापराचा माल) आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात (रासायनिक-जैविक शस्त्रांना लागणारा माल) भारताचा प्रवेश: कागदावर सगळं जागच्या जागी आहे. हे शिरोलीच्या गाळ्यापर्यंत किती पोचलं, हे कुणीतरी जाऊन पाहायला हवं.

विज्ञानाकडून येणाऱ्यांचं गणित वेगळं. शिवाजी विद्यापीठाचं नाव थिन फिल्म (पदार्थांचे अतिपातळ थर) आणि सेन्सरच्या कामासाठी देशभर आहे. वायू ओळखणारे सेन्सर, किरणोत्सार टिपणारे पदार्थ, न्यूट्रॉन आणि गॅमा यांतला फरक सांगणारी साधनं, हे सगळं पडताळणीच्या कामाला थेट भिडतं. शस्त्रबंदीचा करार झाला, तरी तो पाळला जातोय हे कुणीतरी मोजून सांगावं लागतं.

इथं दोन दारं शेजारी शेजारी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस, म्हणजे अणुविज्ञान संशोधन मंडळ. दुसरं यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाचं संयुक्त कन्सॉर्शियम, ज्याचं एक केंद्र मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. बीआरएनएसचा प्रकल्प मोठा: उपकरणं मिळतात, संशोधक नेमता येतो. पण अणुऊर्जा विभागाच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ प्रमुख सहयोगी म्हणून बरोबर असावा लागतो. तो मिळवणं हेच अर्धं काम. नुसत्या ईमेलनं तो मिळत नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची, एखाद्या परिसंवादात त्याचं व्याख्यान ऐकायचं, नंतर चहाच्या वेळी आपल्या सॅम्पलचे आलेख दाखवायचे, असं दोन-तीनदा झालं की जमतं. तो जोडला गेला की प्रस्तावाचा दर्जा आपोआप वर जातो, कारण त्याला माहीत असतं की प्रत्यक्ष वापरणाऱ्याला कसला डिटेक्टर हवाय.

कन्सॉर्शियमचं अनुदान त्या मानानं छोटं. मात्र ध्रुव अणुभट्टीवरचे न्यूट्रॉन किरण वापरायला मिळणं हे पैशात मोजता येत नाही. तरुण सहायक प्राध्यापकानं आधी हे घ्यावं, दोन वर्षांत दोन शोधनिबंध काढावेत आणि मग बीआरएनएसकडं जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. थेट मोठ्यावर उडी मारणारे बरेचदा सहयोगी शोधण्यातच दीड वर्ष घालवतात.

या दोन्हींत मोकळीक कमी आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. कुठली मोजणी प्रसिद्ध करायची, कुठली नाही, यावर सहयोग्याचं मत घ्यावं लागतं, आणि ते रास्तच आहे. धोरणावर बोलायचं असेल तर हा पैसा त्यासाठी नाही.

तिसरा पर्याय एएनआरएफचा. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं आणि आधीचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झालं. तरुण प्राध्यापकांसाठी त्यांची पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे: तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, शिवाय संस्थेचा व्यवस्थापन खर्च (ओव्हरहेड). रक्कम डोळे दिपवणारी आहे, आणि सहयोगी लागत नाही. पण स्पर्धा सगळ्या देशाशी, आयआयटीतल्या मुलांशी. तिथं 'शस्त्रप्रसार' या शब्दापेक्षा तुमच्या पदार्थविज्ञानाचा कस पाहिला जातो. सेन्सरचं विज्ञान पक्कं असेल तर जरूर भरा, उपयोगाचा परिच्छेद शेवटी येऊ दे. या कायद्यात विज्ञानाशी जोडलेल्या मानव्य आणि सामाजिक शास्त्रांनाही जागा ठेवली आहे. भौतिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागांनी मिळून प्रस्ताव लिहिला तर मला फार आनंद होईल. विद्यापीठाच्या आवारात त्या दोन इमारतींमधलं अंतर चालत जाण्याइतकंच आहे.

डीआरडीओही विद्यापीठांना संशोधनासाठी पैसा देते, आणि रासायनिक-जैविक संरक्षणावर ग्वाल्हेरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मोठं काम चालतं. ते संरक्षणाच्या गरजेतून आलेलं काम आहे. तुमचा विषय त्या गरजेत बसत असेल तरच तिकडं वळा. दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था, जुनी आयडीएसए, ही संरक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालते. तिथली फेलोशिप म्हणजे दिल्लीत राहून करायची नोकरी. कोल्हापूर सोडायची तयारी असणाऱ्यालाच ती सोयीची.

आता पीएचडी करणारी मुलं. त्यांनी विषयासाठी वेगळं अनुदान शोधत बसू नये. नेट-जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात आणि विषयाचं बंधन नाही. नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी ज्यात बसत असाल त्यात अर्ज करा. सारथीचं उपकेंद्र २०२१ पासून कोल्हापुरातच आहे, त्यामुळं कागदपत्रांची शंका पुण्याला फोन न करता सुटते. फेलोशिपवर पोट भरतं आणि विषय तुमचा राहतो. निर्यात नियंत्रणावर मराठीतून प्रबंध लिहिणारं कुणी भेटलं, तर मी माझी सगळी कात्रणं त्याच्या हवाली करीन.

परदेशी सरकारी पैशाकडं मी सगळ्यात सावधपणे बघतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

या विषयावर जगात सगळ्यात मोठा खर्च अमेरिका करते. त्यांच्या राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाचा प्रसारबंदी संशोधनासाठी वेगळा विभाग आहे. तो विद्यापीठांचे गट करून त्यांना पाच-पाच वर्षांसाठी निधी देतो. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक यांच्या नेतृत्वाखालच्या दोन गटांना प्रत्येकी अडीच कोटी डॉलर मिळाले. आपल्याला या पैशाला थेट हात लावता येत नाही. तिथली पदवीधर फेलोशिप अमेरिकी नागरिकांपुरतीच आहे. पण या गटांचे शोधनिबंध खुले असतात, आणि तुमच्या बीआरएनएसच्या प्रस्तावाच्या पहिल्या दोन पानांसाठी त्यांच्याइतकं चांगलं साहित्य मिळणार नाही.

त्यांचं परराष्ट्र खातं आणि संरक्षण खात्याची डीटीआरए (संरक्षणविषयक धोके कमी करणारी) ही संस्था परदेशातल्या कामांनाही पैसा देत आलेली आहे. इथं मी हात आखडता घ्या असं सांगतो. २०२० च्या सुरुवातीला नागालँडमधल्या वटवाघळांवरच्या एका अभ्यासाची केंद्र सरकारनं चौकशी केल्याच्या बातम्या आल्या. निधीत डीटीआरएचं नाव होतं आणि प्रश्न परवानग्यांचा होता. संबंधित शास्त्रज्ञांनी आपली बाजू मांडली. त्यात कोण बरोबर, हा माझा मुद्दा नाही. निधी देणाऱ्याच्या नावात संरक्षण खातं असलं, की तुमच्या कामाकडं बघणाऱ्याचे डोळे बदलतात. तीन वर्षांचं काम आणि अख्खी कारकीर्द त्या एका ओळीवर अडकू शकते. मोठ्या राष्ट्रीय संस्थेच्या मागं कायदा विभाग असतो. आपल्या महाविद्यालयात प्राचार्य आणि हेडक्लार्क असतात.

त्यातच परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए. २०१० च्या या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले: परदेशी निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा, तो दुसऱ्या संस्थेकडं वळवायचा नाही, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. कोल्हापुरातली बहुतेक महाविद्यालयं शिक्षण संस्थांची, म्हणजे ट्रस्टची आहेत. संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. विद्यापीठात असाल तर सूट लागू होते की नाही, ते वित्त विभागाकडून लेखी घ्या. तोंडी 'होतंय की' यावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट विज्ञानवाल्यांच्या लक्षात येत नाही. स्कोमेट यादीत वस्तूंबरोबर तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअरही आहे. यादीतल्या तंत्रज्ञानाचा आराखडा परदेशी सहकाऱ्याला ईमेलनं पाठवणं हीसुद्धा निर्यात असते. मूलभूत संशोधन आणि आधीच प्रसिद्ध झालेली माहिती यातून वगळलेली आहे. तुमचं काम त्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतं, हे करारावर सही करण्याआधी तपासा. शस्त्रप्रसार रोखण्यावर काम करणाऱ्यानंच नियम मोडला, तर विषयाची लाज जाते.

मग बाहेरचं काहीच घेऊ नये का? घ्यावं, पण व्यक्तीला मिळणारं. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती भारत आणि अमेरिका या दोन्ही सरकारांच्या पैशावर चालते आणि यूएसआयईएफ (अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठान) ती चालवतं. पीएचडी करणाऱ्याला काही महिने तिथल्या विद्यापीठात काढता येतात, संस्थेच्या खात्यात एक रुपया येत नाही, आणि परत येऊन प्रबंध इथंच पुरा करायचा असतो. अणुतंत्रज्ञानाशी जवळचा विषय असेल तर व्हिसाला जास्त वेळ लागू शकतो, तेवढा धरून चला.

मुलींसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोडोवस्का-क्युरी फेलोशिप आहे, २०२० पासून सुरू. एम. एस्सी. किंवा एम. ए. साठी वर्षाला १०,००० युरोपर्यंत शुल्क आणि १०,००० युरोपर्यंत राहण्याचा खर्च, दोन वर्षांपर्यंत, आणि नंतर इंटर्नशिपची संधी. तिच्या विषयांत प्रसारबंदी स्पष्टपणे लिहिलेली आहे. कोल्हापूरच्या मुलींनी याला अर्ज का करू नये, हे मला कळत नाही. दरवर्षी भौतिकशास्त्राच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली दिसतात आणि त्यांतल्या कितीतरी जणींना हे नावसुद्धा माहीत नसतं. प्राध्यापकांनो, हे तुम्ही फळ्यावर लिहा. त्याच संस्थेचे सहयोगी संशोधन प्रकल्पही असतात. विकसनशील देशांतल्या संस्थांना त्यातून माफक रकमेचा करार मिळतो. पैशापेक्षा व्हिएन्नातल्या बैठकीत जगभरचे दहा-बारा गट भेटतात, हाच त्याचा मोबदला.

युरोपातल्या दारांपैकी जर्मन पीस रिसर्च फाउंडेशन, जी तिथल्या केंद्र सरकारनं २००० मध्ये उभी केली, आणि उप्साला विद्यापीठातलं, स्वीडिश सरकारच्या निधीतून सुरू झालेलं, अण्वस्त्र निःशस्त्रीकरणावरचं अल्वा मिर्दाल केंद्र ही दोन नावं ध्यानात ठेवा. तिथल्या संशोधकांशी जोडून घेण्यासाठी ती उपयोगी आहेत, कोल्हापुरात पैसा आणण्यासाठी नाहीत.

निवड करायची वेळ आली तर मी असं करीन. राज्यशास्त्र, कायदा, वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकवत असाल तर आयसीएसएसआरचा लघु प्रकल्प, विषय इथलाच. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र असेल तर आधी कन्सॉर्शियम, मग बीआरएनएस. पाया पक्का आणि वय बसत असेल तर एएनआरएफ. पीएचडीला असाल तर फेलोशिप इथली आणि एक सत्र फुलब्राइटवर बाहेर. थेट परदेशी सरकारी निधी सगळ्यात शेवटी, तोही कुलसचिवांची लेखी संमती हातात आल्यावर. या सगळ्यांत एकच निवडायचं म्हटलं तर मी आयसीएसएसआरचा लघु प्रकल्प निवडीन, रक्कम छोटी असली तरी. बाकीचं काम मुंबईत, कानपुरात, मिशिगनमध्ये होत राहील. शिरोलीच्या गाळ्यांत जाऊन विचारायचं काम आपण केलं नाही तर कुणी करणार नाही.

त्या मुलाखती घेताना एक पथ्य पाळा. कारखानदार विश्वासानं बोलतो. कुणाला कसली ऑर्डर आली हे नावानिशी छापलं, तर त्याचा ग्राहक जातो, आणि चुकीच्या माणसाला कुठला माल कुठं मिळतो याची यादीच मिळते. टिपणांत कारखान्यांना क्रमांक द्या, नावांची किल्ली वेगळ्या कुलपात ठेवा, आणि मिश्रधातूचं नेमकं प्रमाण, मापं, टॉलरन्स अहवालात लिहू नका. प्रस्तावातल्या नैतिकतेच्या रकान्यात हे सविस्तर मांडा. परीक्षक तो रकाना वाचतात.

अर्जासोबत एखाद्या उद्योजक संघटनेचं सहकार्याचं पत्र जोडता आलं तर फार उत्तम. ते मिळवायला सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते. मंगळवारी सकाळी जा, पहिली हीट (वितळलेल्या धातूची पहिली खेप) ओतून झाली की मालक जरा मोकळे असतात.